बोटीवर जेवायला काय नेसावं

आफ्रिकेहून परत आल्यापासून पनवेलात पुरुष मला विचारतात, सिंह पाहिला का? बायका विचारतात, बोटीवर म्हणे रात्रीच्या जेवणाला सजून जावं लागतं, मग तुम्ही काय नेसलात? प्रश्न साधा आहे आणि उत्तर मला पाठ आहे, कारण निघण्याच्या आधी महिनाभर मी दुसरं काही केलंच नव्हतं. पण सांगता सांगता मी दर वेळी मधेच थांबते आणि बायकांना वाटतं, ही काहीतरी लपवते आहे. म्हणून एकदा सगळं लिहून काढते. आधी कपड्यांचं सांगते, मग चांगुणाबाईंचं.

सामानाची तयारी

माझा धाकटा भाऊ मोंबासाला रेल्वेत नोकरीला आहे. त्याच्या मुलाची मुंज ठरली आणि त्याचं पत्र आलं. पळसाचा दंड आण, दर्भ आण, मेतकूट विसरू नकोस. आणि हो, दुसऱ्या वर्गाच्या जेवणघरात संध्याकाळी सातनंतर नीटनेटका पोशाख लागतो, पुरुषांना कोट-टाय, बायकांना अंगभर आणि समारंभाला शोभेल असं काहीतरी. नाहीतर दारातून परत पाठवतात.

मी सगळी कामं यादी करून करते. आमच्या भाताच्या गिरणीवरचे हमालसुद्धा मला त्यावरून हसतात. तर जाणाऱ्यांसाठी सांगते. भारी जरीचं पातळ नेऊ नये, खाऱ्या वाऱ्याने जरीचे काठ काळे पडतात. परकराची नाडी दुहेरी घालावी. पदराला पिन हवीच. बोट कलली की पदर सुपाच्या बशीत जातो, माझा गेला. वहाणा सपाट हव्यात, कारण जेवणघराचा जिना पितळी पट्ट्यांचा आणि गुळगुळीत असतो. दोन पातळं आलटूनपालटून पुरतात, कोणी मोजत बसत नाही. काळं मी नेलं नव्हतं. मुंजीला निघालेली बाई काळं कशी नेईल? पण जेवणघरात पहिल्यांदा गेले आणि पाहते तो निम्म्या गोऱ्या बायका काळ्यात. मला वाटलं, बोटीवर कोणीतरी गेलं की काय!

आता चांगुणाबाई. गव्हाणच्या चांगुणाबाई गेली कित्येक वर्षं आमच्या गिरणीवर भात घेऊन येतात. भात कांडून होईपर्यंत मागच्या ओटीवर बसतात, येताना माझ्यासाठी सुका जवळा आणतात आणि माझ्या हातचा चहा पितात. त्यांची लेक मोंबासाला असते, जावई तिथल्या बंदरात कामाला आहे. लेकीला दिवस गेले म्हणून जावयाने सासूला तिकीट पाठवलं, आणि मी त्याच बोटीने जाते आहे हे कळल्यावर त्यांना माझ्या सोबतीने पाठवायचं ठरलं. खरी गंमत ही की त्यांचा मुलगा जनार्दन त्याच बोटीवर नोकरीला होता. चार वर्षांत दोनदा घरी आला, तोही आल्या पावली परत.

मुंबईची गोदी

उरणजवळच्या मोरा बंदरातून मुंबईला भाऊच्या धक्क्याला लाँचने आलो. मला लाँच लागली. चांगुणाबाई मात्र कडेला बसून कोणत्या खडकावर कालवं चांगली मिळतात ते सांगत होत्या. नेसण्यात त्यांचं नेहमीचं हिरवं लुगडं, गुडघ्यापर्यंत कसून, मागे काष्टा, पदर कमरेला खोचलेला, पाय अनवाणी. भाताच्या खाचरात आणि मिठागरात वावरणाऱ्या बाईने नेसावं तसं.

बोटीच्या शिडीपाशी जनार्दन उभा होता. पांढरा कोट, पितळी बटणं. त्याने आईच्या हातातली बोचकी घेतली आणि "पाय सांबाल" एवढंच म्हणाला. पाया पडला तो नंतर, आमच्या खोलीत येऊन, दार लावून.

"वैनी," तो मला म्हणाला, "आईचं जेवान मी हितंच पाठवीन. वर नको."

"का रं?" चांगुणाबाई म्हणाल्या. "माजं तिकीट खोटं हाय?"

"तिकीट खरं हाय. पन रातच्याला लुगड्यावर नाय चालत तिथं. हेड बटलर लय कडक हाय. गुडघं दिसलं का दारातनंच परत लावतो."

"ह्याच गुडघ्यांवर बसून भात लावला, तवा तू जेवलास."

"म्हंजे मी काय नाय म्हनतो का?" जनार्दन हसला. "मी सांगतो, त्यो ऐकत नाय."

तो गेल्यावर चांगुणाबाईंनी आपली बोचकी पलंगाखाली सरकवली. मग म्हणाल्या, "वैनी, गावातल्या बाया मना बोलतात. तुजा जन्या बोटीवर बश्या धुतो, म्हनतात. ह्यो सांगतो, मी सायबांना वाडतो. मना कोनाची भीड नाय. पन एकदा डोल्यानी बगायचा हाय त्याना, काम करताना. मग ज्याला जे बोलायचं ते बोलू दे."

एवढंच त्यांना हवं होतं. सगळ्या प्रवासात त्यांनी दुसरं काही मागितलं नाही. आणि मला वाटलं, हे तर पातळाचं काम. हे आपल्या हातातलं आहे.

भर समुद्रात

पहिला दिवस मी आडवी होऊन काढला. लिंबू हुंगत पडले होते आणि चांगुणाबाई माझ्या कपाळाला ओलं फडकं लावत होत्या. दुसऱ्या दिवशी उठले आणि कामाला लागले.

माझं जांभळं गोल पातळ त्यांना नेसवलं. परकर त्यांनी जन्मात घातला नव्हता. निऱ्या घालून दोन पावलं टाकली आणि त्या पलंगाची दांडी धरून उभ्या राहिल्या.

"ह्यात चालायचं कसं, वैनी? बकरीचे पाय बांदतात तसं झालंय."

"लहान पावलं टाका."

"मी लहान पावलं टाकली असती तर गव्हानवरनं तुमच्या गिरनीला येईस्तवर दिवाली झाली असती."

दुपारी डेकवर माणसं नसायची, तेव्हा आम्ही सराव करायचो. मी पुढे, त्या मागे. वहाणांचा त्यांना फार राग. एकदा एक वहाण सुटून थेट कठड्याखालून समुद्रात गेली. चांगुणाबाई वाकून पाहत म्हणाल्या, "दुसरी पन टाका. एकटी काय करील?" शेवटी माझ्या जाड मोज्यांवर माझ्याच जुन्या चपला बसवल्या.

रात्री मी एकटीच वर जेवायला जायची. माझ्या टेबलावर मगनभाई म्हणून मोंबासाचे कापडाचे व्यापारी होते. त्यांची टाय गाठ मारून तयारच असे. जिन्यात गळ्यात अडकवायची आणि जेवण झालं की जिन्यातच काढायची. "बेन, हा टाय नाय," ते म्हणत, "कुत्र्याचा पट्टा हाय. सातला घालायचा, नवाला सोडायचा." जेवण पाहायला सुंदर आणि खायला बेचव. आधी सूप, मग उकडलेला मासा आणि त्यावर पांढरट पिठूळ काहीतरी, मग मांस, मग थरथरणारा गोड पदार्थ. आपल्याकडे पानात सगळं एकदम येतं, आपल्या मनाने काय खायचं ते ठरवता येतं. तिथे एक नेल्याशिवाय दुसरं येत नाही. पण जनार्दनचं वाढणं पाहण्यासारखं होतं. पांढरे हातमोजे घालून, डाव्या बाजूने, ताटलीचा आवाज न करता. मी खोलीत येऊन सगळं वर्णन करायची आणि चांगुणाबाई पुन्हा पुन्हा विचारायच्या, "हातात मोजे? खरंच?"

मी जनार्दनला सांगितलं की आईला घेऊन येते आहे. तो घाबरला आणि खूशही झाला. "पातळ नीट असंल तर कायच म्हनायचा नाय त्यो," तो म्हणाला.

जेवणघर

त्या संध्याकाळी मी स्वतःच्या तयारीला पाच मिनिटं दिली आणि चांगुणाबाईंच्या तयारीला तास. निऱ्यांना आतून टाका घातला, पदर दोन ठिकाणी पिन केला, अंबाडा घट्ट बांधला. जिना त्या माझा दंड धरून चढल्या. दारात हेड बटलर उभा होता, गोव्याचा, उंच, केस तेल लावून मागे फिरवलेले. त्याने नखशिखांत पाहिलं. मग त्याने मान लववली आणि चांगुणाबाईंसाठी स्वतः खुर्ची मागे ओढली. मगनभाई उठून उभे राहिले. मला वाटलं, झालं, जिंकलो.

जनार्दन सूप घेऊन आला. आईकडे त्याने पाहिलं नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. चांगुणाबाई त्याच्या हातांकडे पाहत होत्या. एखादी बाई देवघरातली मूर्ती पाहते तशा.

"जेवलास का रं?" त्यांनी हळूच विचारलं.

"जेव, आई. आमचं मागून."

"मागून म्हंजे कवा?"

"सगल्यांचं झालं का."

चांगुणाबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी पनवेलच्या आसपासच्या कुणालाही सांगावी लागत नाही. गव्हाण काय, आमच्याकडे काय, आई मुलाच्या आधी जेवत नाही. शेतावरून, मिठागरातून, आगबोटीवरून, कुठूनही मुलगा आला की तो आधी बसतो, आई वाढते, आणि त्याने नको म्हटलं की मग ती आपलं पान घेते. मुलगा उपाशी उभा आणि आई बसून जेवते, असं चित्र त्या बाईने आयुष्यात पाहिलं नव्हतं. मीही पाहिलेलं नाही. पण मी चार दिवस जनार्दनकडून वाढून घेत होते आणि माझ्या ते डोक्यात आलं नाही, कारण माझा तो कोणी नव्हता.

मी टेबलाखालून त्यांचा गुडघा दाबला. "चांगुणाबाई, इथली रीत आहे. जेवा तुम्ही."

"जेवते," त्या म्हणाल्या आणि जेवल्या नाहीत.

जनार्दन सूप तसंच उचलून घेऊन गेला आणि मासा घेऊन आला. मोठी ताटली, एका हातावर तोललेली. दिवसभराची धावपळ असणार, कपाळ घामाने चमकत होतं. तो मगनभाईंना वाढून आईच्या डाव्या बाजूला आला, आणि चांगुणाबाई उठल्या. इतक्या सहज उठल्या की मला कळलंच नाही. त्यांनी त्याच्या हातातली ताटली काढून घेतली.

"बस तू. मी वाडते."

"आई, बस ना. बगतात सगले."

"बगू दे. तुज्या बापाला मी कवा उपाशी ठेवला नाय, तुना ठेवीन? बस."

आणि एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून त्यांनी त्याला खाली दाबलं. तो बसला. मी स्वतः पाहिलं म्हणून सांगते, तो विरोध करायच्या बेतात होता; पण आईचा हात खांद्यावर आला आणि त्याचे गुडघे आपोआप वाकले. पांढऱ्या कोटात, पितळी बटणांत, पाहुण्याच्या खुर्चीवर. चांगुणाबाईंनी माशाचा मोठा तुकडा त्याच्यापुढे घातला आणि जवळ उभ्या राहिल्या. त्याने एक घास घेतला.

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं माना वळवून पाहत होती. कोणीतरी हसलं. मगनभाई खाली मान घालून म्हणाले, "खा, दीकरा, खाऊन घे." बोटीचा कप्तान त्या दिवशी दुसऱ्या वर्गात पाहुणा म्हणून येऊन पलीकडच्या मोठ्या टेबलावर बसला होता. तोही पाहत होता.

हेड बटलर आला. ओरडला नाही. जनार्दनच्या कोपराला नुसता हात लावला. जनार्दन उठला, खुर्ची आत सरकवली, मोज्यांवरचा पांढरा रस्सा झटकला आणि त्याच्यामागून गेला. चांगुणाबाईंच्या हातात ताटली तशीच होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर दुसराच माणूस वाढायला आला.

मी हेड बटलरला गाठलं. माझी बाजू मी तयार करून गेले होते. गाव, रीत, वय, पहिलाच प्रवास. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाईंचा ड्रेस बरोबर होता, मॅडम," तो म्हणाला. "ड्रेसबद्दल माझी तक्रार नाही. पण वाढणारा माणूस पॅसेंजरच्या खुर्चीत बसला. ते कप्तानाने पाहिलं."

"मग आता?"

"आता खाली. भांड्यांवर. परतेपर्यंत."

"तुमची आई असती तर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "माझी आई मला मडगावला भेटते, मॅडम," तो म्हणाला. "इथे नाही."

चांगुणाबाईंना मी सांगितलं की जनार्दनला रात्रपाळी लावली आहे. त्यांनी मान हलवली. पातळ सोडून, नीट घडी करून माझ्या पेटीवर ठेवलं आणि आपलं लुगडं नेसल्या.

"वैनी," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "पातळ कुठं चुकलं काय? मागनं आखूड दिसत होतं?"

"नाही हो. पातळ अगदी नीट होतं."

"मग?"

मी कसल्यातरी कपड्यांच्या घड्या करत बसले. तुम्ही मुलाला जेवायला वाढलंत ही चूक झाली, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यानंतर त्या वर आल्या नाहीत. मीही फारशी गेले नाही. आम्ही दोघी खोलीत बसून चिवडा आणि केळी खायचो.

सेशेल्स

वाटेत सेशेल्स बेटांपाशी बोट दिवसभर थांबली. आपल्या कोकणाने गोऱ्या लोकांची टोपी घालावी तसा तो देश आहे; माड, फणस, लाल माती, आणि घरांवर पत्रे. होड्यांतून बायका शहाळी विकायला आल्या. चांगुणाबाई कठड्यावर वाकून त्यांच्याशी आपल्या आगरी बोलीत बोलत होत्या, त्या होडीवाल्या त्यांच्या बोलीत बोलत होत्या, आणि व्यवहार बिनचूक होत होता. त्या बायकांनी घागरे गुडघ्यापर्यंत खोचले होते. "ह्यांचं बरं हाय," चांगुणाबाई म्हणाल्या. एरवी मी त्यांच्याबरोबर हसले असते.

मोंबासा

धक्क्यावर माझ्या भावाच्या आधी कस्टमचा माणूस भेटला. पळसाचा दंड पाहून त्याला वाटलं, हे हत्यार आहे. हा मुंजीत मुलाने हातात धरायचा असतो, हे मी त्याला खाणाखुणांनी समजावलं आणि त्याने तो दंड मला सलाम करून परत दिला. या गडबडीत चांगुणाबाई मागे राहिल्या. वळून पाहते तो त्या बोटीच्या मागच्या शिडीपाशी उभ्या, आणि समोर जनार्दन. खाकी अर्धी चड्डी, बाह्या वर गुंडाळलेल्या. वर वाढणाऱ्यांची ती शिडी नव्हती.

तो मला येताना पाहून पटकन पुढे आला. "वैनी, तिना काय सांगू नका," हळूच म्हणाला. मी नाही सांगणार म्हटलं.

तो आईच्या पाया पडला. चांगुणाबाईंनी त्याचे दोन्ही हात धरले, आधी वरून पाहिले, मग उलटे केले. बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली होती, आणि नखांच्या मुळांशी सोड्याने चिरा पडल्या होत्या. जिने जन्मभर भांडी घासली तिला त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी हात हळूच खाली सोडले आणि त्याच्या सदऱ्याची वरची गुंडी लावली.

"बरं हाय ना रं तुजं?"

"बरं हाय, आई."

"सांबालून ऱ्हा."

जावई टॅक्सी घेऊन आला होता. चांगुणाबाई बसल्या आणि लेकीचं कसं आहे ते विचारू लागल्या.

पनवेल

मुंज छान झाली. लेकीला मुलगी झाली. मी दीड महिन्याने दुसऱ्या बोटीने परत आले, चांगुणाबाई पावसाळा संपवून आल्या. बाकीच्या गोष्टी, तिथली रताळी, लाल रस्ते, भावाच्या बंगल्यातला स्वाहिली स्वयंपाकी, हे सगळं मी महिला मंडळात सांगितलेलंच आहे.

गेल्या आठवड्यात चांगुणाबाई भात घेऊन गिरणीवर आल्या. बरोबर गव्हाणच्या दोघी-तिघी होत्या. मागच्या ओटीवर चहा चालला होता. त्यातली एक थट्टेने म्हणाली, "मग काय वो, जन्याच्या बोटीवर तुमी पन भांडी घासून आल्या का?"

चांगुणाबाईंनी बशी खाली ठेवली.

"पांढरा कोट असतो त्याला," त्या म्हणाल्या. "पितली बटनं. हातात मोजे. सायबांना वाडतो त्यो. आनि माज्या पोरानं सगल्या सायबांच्या देखत खुर्चीवर बसून माज्या हातचं खाल्लं. कप्तान बगत होता. इच्यारा वैनीना."

बायकांनी माझ्याकडे पाहिलं. चांगुणाबाईंनी पाहिलं नाही. त्या ओटीच्या कडेला सांडलेले तांदळाचे दाणे एकेक करून वेचत होत्या.

"हो," मी म्हटलं. "मी समोरच होते."